अनुभव धागा: पोरं, कुत्री, मांजरं आणि आपला हललेला फोटो

शहापूर: दिवाळीत गल्लीतल्या पोरांनी मातीचा राजगड केला. मी चाळीस फोटो काढले. एकोणचाळीसमध्ये नुसती डोकी, कारण मी उभा! पाय घसरून चिखलात बसलो तेव्हा चाळिसावा सुटला: तटावर मावळा ठेवणारी पुतणी, जीभ बाहेर, नाकाला माती. तेव्हापासून मी आधी खाली बसतो. तुमचं सांगा. बिघडलेले किस्से आधी.

खानापूर: आमच्याकडं मुधोळ हाउंड आहे. सुटला की फोटोत नुसता धूसर फराटा उमटतो, कुत्रं नाही. भाच्यानं कॅमेऱ्यात शटर १/१००० (म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडणारं) करून बर्स्ट, म्हणजे एका दाबात सलग फोटो, लावून दिला, तेव्हा कुठं चारही पाय हवेत असलेला एक मिळाला. संध्याकाळी तेवढ्या शटरला उजेड पुरत नाही, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) चढवला की फोटो खरखरीत होतो. होऊ दे, कुत्रं तरी दिसतंय. आणखी एक गंमत. हा मुधोळकडून आलेला, 'इकडं बघ' म्हटलं की ढिम्म. 'इल्लि नोडु' म्हटलं की कान टवकारतो. घरात सगळे मराठी, फोटोपुरते कानडी.

वडगाव: आमची मांजर काळीकुट्ट. तिच्या तोंडावर बोट टेकवलं की फोन उजेड वाढवतो, मग मांजर राखाडी आणि मागची भिंत पांढरीफटक. फोकस झाल्यावर स्क्रीनवरचं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढते, की उजेड कमी होतो. तिचं तोंड खिडकीकडं हवं, म्हणून खिडकीत सुक्या बांगड्याचा तुकडा ठेवते. फ्लॅश अजिबात नको. डोळ्यांच्या मागच्या थरावरून उजेड परततो आणि पोरगी भूत दिसते.

निपाणी: नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला फोटोवाला बोलावला होता. त्यानं 'हास बाळा, हास बाळा' करून करून पोराला रडवलं. पैसे पूर्ण घेतले ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते, बाळानं परातीत दोन्ही हात घातले. सुनेनं दारात बसून, उजेड पाठीमागं घेऊन, फोनवरच टिपला. कोपरापर्यंत पीठ, आणि आमच्याकडं लक्षच नाही त्याचं.

बेळगाव, कॅम्प: राजहंसगडावर पोरांना भर दुपारी नेऊ नका. डोळ्यांखाली काळे खड्डे येतात. ढगाळ दिवस बघा, सावली मऊ पडते. आपल्याकडं पावसाळ्यात ढगांची काय कमी!

खानापूर: शहापूरवाले, तो चिखलातला फोटो टाका की. आणि पँट निघाली काय स्वच्छ?