‘सिम्युलेशन’ : अनुकरण की सदृशीकरण?

‘सिम्युलेशन’ला मराठीत काय म्हणावे, असे आपण विचारले. या शब्दाने गेल्या आठवड्यात मलाही अडवले. माटुंग्याच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याचा लेख तपासताना ‘अंतराळयानाच्या पुनर्प्रवेशाचे अनुकरण करणाऱ्या प्लाझ्मा स्रोताचे सांख्यिकीय अनुकरण’ असे शब्द समोर आले. ‘अनुकरण’ दोनदा, पण दोन्ही ठिकाणी अर्थ निराळा.

पहिले प्रयोगशाळेतले. क्वार्ट्‌झच्या नळीभोवती तांब्याची कुंडली असते; तिच्यातून उच्च वारंवारितेचा प्रवाह सोडला की नळीतल्या वायूतच वीज खेळू लागते आणि एका टोकाने थंड शिरलेली हवा दुसऱ्या टोकाने प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा तप्त वायू, होऊन बाहेर पडते. त्या झोतासमोर उष्णतारोधक कवचाचा नमुना धरतात. ब्रुसेल्सजवळच्या फॉन कार्मान संस्थेत असे १.२ मेगावॉटचे यंत्र आहे. पृथ्वीच्या नजीकच्या कक्षेतून परतणारे यान सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते. इथे मात्र झोताचा वेग पुष्कळदा ध्वनीच्या वेगापेक्षाही कमी असतो. यानाच्या नाकाशी वायूची एकूण ऊर्जा, दाब आणि वेगाचा उतार (अंतरागणिक वेग बदलण्याचा दर) जेवढा असतो तेवढाच नमुन्यापुढे साधला, तर पृष्ठभागाला पोहोचणारी उष्णताही तेवढीच राहते. नक्कल उड्डाणाची नाही, साम्य निवडक राशींचे आहे. म्हणून इथे मला ‘सदृशीकरण’ हाच शब्द योग्य वाटतो.

दुसरे संगणकावरचे. वायूचे तापमान त्याची विद्युतवाहकता ठरवते, वाहकता विद्युतप्रवाह ठरवते आणि विद्युतप्रवाह पुन्हा तापमान; त्यामुळे विद्युतचुंबकत्वाची आणि वायूच्या प्रवाहगतिकीची समीकरणे एकत्रच सोडवावी लागतात, आणि दाब कमी असेल तर इलेक्ट्रॉनांचे तापमान जड कणांहून (अणू, आयन यांच्याहून) वेगळे धरावे लागते. हे ‘संख्यात्मक प्रतिमान’ झाले. ‘सांख्यिकीय’ म्हटले की वाचक सरासरी आणि नमुना-पाहणीकडे जातो, आणि ही चूक मला सर्वांत घातक वाटते.

‘पुनर्प्रवेश’ नको, ‘पुनःप्रवेश’ हवा. विसर्गापुढे ‘प’ आला की त्याचा रफार होत नाही.

राहिला ‘स्रोत’. त्यातून आधीच असलेले काही वाहत येते असे सुचते, इथे तर प्लाझ्मा घडवला जातो. म्हणून मी ‘प्लाझ्मा जनित्र’ सुचवले. सोसायटीतल्या डिझेलच्या यंत्राशी गल्लत होईल अशी शंका एका सहकाऱ्यांनी काढली, पण त्याला मुंबईत सारे ‘जनरेटर’च म्हणतात, ‘जनित्र’ मोकळाच आहे.