केंद्राचे अधिकार कमी करा म्हणणारा खासदार केंद्रातच बसून नेमकं करतो काय?

घणसोलीकर:
मंडळी, प्रश्न अमेरिकेच्या राजकारणाचा आहे पण इथे त्यातलं कळणारे बरेच जण आहेत म्हणून इथेच टाकतोय. माझा भाचा सिनसिनाटीजवळ राहतो, म्हणजे नदीच्या केंटकीकडच्या बाजूला (शहर ओहायोत आणि त्याचा विमानतळ केंटकीत, असला प्रकार आहे तिथे) आणि त्यांचा खासदार म्हणजे तो थॉमस मॅसी. फोन झाला की पोरगा त्याच्यावरच सुरू होतो, एमआयटीचा इंजिनीअर आहे, स्वतःच्या शेतावर स्वतः बांधलेल्या घरात राहतो, वीज सोलरची, कोटाला देशाच्या कर्जाचा आकडा दाखवणारं छोटं घड्याळ लावून फिरतो वगैरे. २०१२ ला निवडून आल्यापासून एकच धोशा, वॉशिंग्टनने आपला पसारा आवरावा, बाकीचं राज्यांवर आणि लोकांवर सोडावं. आहे रिपब्लिकन, पण पटलं नाही की स्वतःच्या पक्षाविरुद्धही मत टाकतो.

आता मला सांगा, ४३५ जणांच्या सभागृहात एक माणूस नाही नाही करत बसला तर फरक काय पडतो? आपल्याकडे व्हीप मोडला तर खासदारकी जाऊ शकते, तिथे तसं नाही एवढं मला माहीत आहे. पण बिल शेवटी पास होतंच ना? मग खरंच काही कमी झालंय का हा नुसता बाणा आहे? भाच्याला विचारलं तर म्हणतो मामा तुला नाही कळणार.

कोपरी_पूर्व:
काका, भाच्याला सांगा मामाला सगळं कळतं 😄

त्याची बरीच बिलं पास व्हायला टाकलेलीच नसतात. २०१७ मध्ये त्याने केंद्राचं शिक्षण खातं बंद करायचं बिल आणलं, अख्खं बिल एका वाक्याचं, अमुक तारखेला हे खातं संपेल, बस. ते खातं अध्यक्ष कार्टरच्या काळात १९७९ च्या कायद्याने झालं आणि रिपब्लिकन लोक रेगनपासून ते बंद करू म्हणतायत, पण सत्ता आली की कोणी हात लावत नव्हतं. मग हा म्हणतो घ्या, एकच वाक्य आहे, वाचायला वेळ नव्हता असं सांगायची सोय नाही. कोण खरंच बाजूने आहे आणि कोण फक्त प्रचारात बोलतो ते उघडं पाडायचं, हा त्यातला डाव.

आणि २०२० चा मार्च आठवतोय का, आपण सगळे घरात कोंडलेले तेव्हा तिथे २ ट्रिलियन डॉलरच्या वरचं कोविड पॅकेज आलं. नेत्यांचा बेत असा की थोडेच लोक येतील, आवाजी मतदानाने उरकून टाकू. मॅसी म्हणाला नाही, एवढा पैसा वाटताय तर प्रत्येकाचं मत नावानिशी नोंदवा. झालं, देशभरातून खासदारांना विमानं पकडून, गाड्या चालवत यावं लागलं, सोशल डिस्टन्सिंग म्हणून काही जण वर गॅलरीत बसले, कोरम (किमान लागतात तेवढे खासदार) भरला आणि शेवटी पॅकेज आवाजीनेच पास झालं, नावं नोंदलीच नाहीत. ट्रम्प तर म्हणाले याला पक्षातून हाकला. म्हणजे त्या दिवशी तो सपशेल हरला, पण तुमचा भाचा आज त्याचं नाव घेतोय ते अशाच गोष्टींमुळे घेतोय.

मेधा_नेरूळ:
कोपरीवाले दादा, तुम्ही फक्त तमाशाच सांगितलात, त्याचं खरं काम यापेक्षा खूप कंटाळवाणं आहे आणि मला तेच आवडतं.

मटणाचं बघा. तिकडे गाय, डुक्कर, मेंढी, बोकड काहीही कापून विकायचं तर सरकारी इन्स्पेक्टरची तपासणी झालेला कत्तलखाना लागतो. १९६७ च्या कायद्यानंतर राज्यांनी स्वतःची तपासणी ठेवली तरी ती केंद्राच्या तोडीची असावी लागते. गावातला छोटा खाटीक जनावर कापून देऊ शकतो, पण ज्याचं जनावर त्याच्याच घरच्या खाण्यापुरतं, ते मांस शेजाऱ्याला विकायचं नाही. म्हणजे शेतकऱ्याने स्वतः वाढवलेलं जनावर जवळच कापून आपल्याच तालुक्यात किलोवर विकायचं म्हटलं तरी कधी कधी लांबच्या मोठ्या कत्तलखान्यात न्यावं लागतं. मॅसी स्वतः गुरं पाळतो. त्याचं बिल म्हणतं की माल राज्याबाहेर जाणार नसेल तर नियम राज्याला ठरवू दे. २०१५ पासून ते बिल पुन्हा पुन्हा आणतोय आणि सोबत मेन राज्यातली चेली पिंग्री, ती डेमोक्रॅट! तिच्याकडेही छोटे शेतकरी आहेत ना.

आणि एक तर झालंसुद्धा. हेम्प म्हणजे भांगेच्या जातीचंच पण नशा न येणारं पीक, केंटकीत पूर्वी दोरखंडासाठी भरपूर व्हायचं, केंद्राने गांजाबरोबर त्यालाही बंदीत टाकलं. २०१३ ला मॅसी आणि दोन डेमोक्रॅट यांनी दुरुस्ती आणली की ज्या राज्यांची तयारी आहे तिथल्या विद्यापीठांना संशोधनासाठी लावू द्या. २०१४ च्या शेती कायद्यात ते आलं आणि २०१८ ला हेम्प बंदीच्या यादीतूनच निघालं. तेव्हा सिनेटमधल्या रिपब्लिकनांचा नेता मिच मॅकॉनेल याचंही वजन होतं, तोही केंटकीचाच, त्यामुळे एकट्याचं श्रेय नाही.

घणसोलीकर:
अरे हे मटणाचं म्हणजे आमच्या भाच्याचंच! गटारीला ही चार-पाच मराठी कुटुंबं शेतावर जाऊन जिवंत बोकडच विकत घेतात सगळ्यांत मिळून आणि मग कापून वाटून घेतात. मला वाटायचं हौस आहे पोरांची, ताज्या मटणाची.

मेधा_नेरूळ:
हौस असेलच हो, पण कायदाही आहे त्यामागे 😀 जनावर कापायच्या आधीच तुमचं झालं की ते तुमच्या घरचं. गोऱ्यांमध्येही अर्धी गाय, पाव गाय अशी आधीच बुक करायची पद्धत आहे.

जुना_चेकनाका:
बिलं-बिलं काय करताय, केंद्र हुकूम देऊन थोडंच राज्य करतं, पैसे देऊन करतं. दारूचं वय ठरवणं हे राज्यांचं काम, पण १९८४ ला कायदा आला की ज्या राज्यात २१ च्या खाली दारू मिळेल त्याचा हायवेचा निधी कापणार, आणि सही कोणाची तर रेगनची, जो सरकार लहान करा म्हणून निवडून आलेला. साउथ डकोटा कोर्टात गेलं आणि १९८७ ला हरलं, कोर्ट म्हणालं निधी घ्यायची सक्ती कुठे आहे, नका घेऊ. सगळ्यांनी घेतला.

आपलंच बघा. माझं आयुष्य मुलुंड चेकनाक्यावर ट्रक उभे करण्यात गेलं, जकातीची रांग म्हणजे काय ते तुम्हा आयटीवाल्यांना नाही कळणार. नवी मुंबईत जकात काढून सेस लावला, ठाण्यात पुढे जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकातही गेली. मी स्वतः पेढे वाटले. पण महापालिका आता दर महिन्याला राज्याकडून येणाऱ्या अनुदानाची वाट बघते आणि राज्य आपल्या वाट्यासाठी दिल्लीकडे. ज्याच्या हातात पाकीट त्याचंच चालतं. तुमच्या मॅसीच्या केंटकीचंही तेच, तिथले लोक केंद्राला जेवढा टॅक्स भरतात त्यापेक्षा जास्त पैसा राज्यात येतो. तिथलाच सिनेटर रँड पॉल, २०१३ ला सँडी वादळाच्या मदतीला विरोधात मत आणि २०२१ ला केंटकीत टोर्नेडो आले तर मदत लवकर पाठवा म्हणून पत्र.

नौपाडा_सर:
चेकनाका साहेबांशी सहमत, पण या विषयाचा जो डाग आहे तो कोणीच काढला नाही. राज्यांना ठरवू द्या हे वाक्य अमेरिकेत बराच काळ कोणाच्या तोंडी होतं? काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घ्यायचं नाही म्हणणाऱ्यांच्या. १९५७ ला आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकमध्ये नऊ काळी मुलं गोऱ्यांच्या शाळेत पोचवायला अध्यक्ष आयझेनहॉवरला लष्कर पाठवावं लागलं. त्याच वर्षी दक्षिणेतला सिनेटर स्ट्रॉम थर्मंड नागरी हक्कांच्या बिलाविरुद्ध सिनेटमध्ये २४ तासांच्या वर बोलत उभा होता. ॲरिझोनाचा सिनेटर बॅरी गोल्डवॉटर तर या केंद्र लहान करा विचाराचा आजोबा, माणूस स्वतः वंशद्वेष्टा नव्हता, पण वंशभेदाला बंदी घालणाऱ्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध त्याने मत दिलं, कारण तेच, केंद्राने यात पडू नये. त्याच वर्षी अध्यक्षपदाला उभा राहिला तर स्वतःचं ॲरिझोना सोडून जी पाच राज्यं मिळाली ती सगळी खोल दक्षिणेतली. त्यामुळे मॅसीचं मटण मला पटतं, पण मोकळीक नक्की कोणाला मिळतेय, माणसाला का राज्य सरकारला, हे दर वेळी विचारायला लागतं.

आणि उलटंही आहे हं. आपल्याकडे शिक्षण आधी राज्याच्या यादीत होतं, १९७६ ला आणीबाणीत ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती यादीत (केंद्र आणि राज्य दोघांचाही अधिकार) गेलं आणि परत आलं नाही. २०१६ ला ऐन मे महिन्यात मेडिकलला केंद्राची नीट का राज्याची सीईटी म्हणून ठाण्यातले आईबाप रडकुंडीला आलेले मी क्लासमध्ये बघितलेत, शेवटी दिल्लीने अध्यादेश काढला तेव्हा त्या वर्षापुरती सुटका झाली. इथे कोणी मॅसी असता तर मी मत दिलं असतं.

घणसोलीकर:
सर, मग ट्रम्पनी ते शिक्षण खातं बंद करायला घेतलं ना आता? म्हणजे मॅसी जिंकला?

नौपाडा_सर:
मार्च २०२५ ला आदेश काढला, पण कायद्याने बनलेलं खातं आदेशाने संपत नाही, त्याला संसदच लागते. माणसं मात्र कमी केली, आणि जुलैत सुप्रीम कोर्टाने तूर्तास ते चालू दिलं. आता हे गणित बघा, केंद्र लहान करायचं म्हणून एकट्या अध्यक्षाने सही करायची, म्हणजे केंद्रातला सगळ्यात मोठा माणूस आणखी मोठा झाला.

कोपरी_पूर्व:
आणि त्याच जुलैत ट्रम्पचं ते मोठं टॅक्सचं बिल आलं, कर्जाची मर्यादा ५ ट्रिलियनने वाढवणारं. २१८ विरुद्ध २१४ ने पास झालं, विरोधात गेलेले रिपब्लिकन दोनच, त्यातला एक मॅसी. ट्रम्प तर त्याला प्राइमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक) पाडायच्याच मागे लागले. बाकीचे इतकी वर्षं कर्ज कर्ज ओरडणारे सगळे हो म्हणून मोकळे. काका, तुम्ही विचारलंत ना एकट्याने फरक काय पडतो, तर त्या दिवशी अजून तिघं त्याच्यासारखे असते तर बिल पडलं असतं.

जुना_चेकनाका:
ते तिघं कधीच नसतात, हेच तर म्हणतोय मी.