मदत हवी आहे: दर्यापूरकडून कोकणात राहायला जायचं आहे, मुलगी दहावीत आणि मुलगा आठवीत. गाव कोणतं निवडावं?

दर्यापूरकर
नमस्कार मंडळी. अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातून कोकणात राहायला जायचा विचार पक्का होत आला आहे, पण गाव ठरत नाही.

मुलगी दहावीत आहे, सेमी इंग्रजी. पुढे विज्ञान घेऊन नीट (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) द्यायची म्हणते. मुलगा आठवीत, मराठी माध्यम, अनुदानित शाळा. माझं काम हिशेब लिहायचं, घरी बसून लॅपटॉपवर, म्हणून दिवसभर नेट लागते. सहा एकर कोरडवाहू वावर आहे, ते विकायचं नाही, ठोक्यानं (ठरावीक रकमेवर दुसऱ्याला कसायला) द्यायचं. सुरुवातीला भाड्यानं राहू, जमलं तर पुढे दहा-पंधरा गुंठे घेऊन घर बांधू.

आजूबाजूला शेती-झाडी हवी, प्यायला गोड पाणी हवं (खारपाणपट्ट्यातल्या माणसाला त्याची किंमत वेगळी सांगायला नको), समुद्र अर्ध्या-पाऊण तासावर असावा आणि पोरांना शाळा-कॉलेजात एसटीनं एकट्यानं जाता यावं. दापोली, रत्नागिरी आणि मालवण ही नावं डोळ्यासमोर आहेत. इथून निघण्याआधी काय उरकावं, तेही सांगा.

कातळ
गावाच्या आधी वर्ष ठरवा. तुमच्या दोन मुलांत दोन इयत्तांचं अंतर आहे, त्यामुळे हिशेब सोपा आहे. येत्या जूनमध्ये गेलात तर मुलगी अकरावीत आणि मुलगा नववीत नवी सुरुवात करतील, मुलाला बोर्डाआधी पूर्ण दोन वर्षं नव्या शाळेत मिळतील. हा जून हुकला तर पुढचं वर्ष सोडून द्या. त्या वर्षी मुलगी अकरावीतून बारावीत आणि मुलगा नववीतून दहावीत जाणार. बारावीत कॉलेज बदलणं परवानगीचं काम आहे आणि दहावीला शाळा बदलली की तोंडी-प्रात्यक्षिकाचे गुण देणारे शिक्षकही नवे येतात. त्यानंतरची बरी वेळ दोन वर्षांनी, तिची बारावी आणि त्याची दहावी एकदमच संपल्यावर. मधल्या काळात नको.

आता गाव. समुद्राला लागून घर घेऊ नका. रेल्वे स्टेशन आणि महामार्ग जवळ असलेलं तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं गाव धरा, आणि त्याच्या पाच-सात किलोमीटरच्या आतलं खेडं बघा. समुद्र तुम्हाला आठवड्यातून एकदा लागेल, कॉलेज रोज.

मुलीला विज्ञान करायचं असेल तर तिन्हींत रत्नागिरी वरचढ. कनिष्ठ महाविद्यालयांत निवडीला वाव आहे, जिल्हा रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. स्टेशन गावाजवळच. दापोली राहायला फार सुंदर आहे, उंचावर असल्यानं हवा जरा हलकी, कृषी विद्यापीठ १९७२ पासून तिथं आहे आणि कर्दे-मुरुड-हर्णैचा किनारा जवळ. पण रेल्वे नाही, खेड स्टेशन गाठायला तीसेक किलोमीटर जावं लागतं. मालवणात राहण्यापेक्षा कुडाळ घ्या. रेल्वे आणि महामार्ग दोन्ही हाताशी, जिल्ह्याची कचेरी ओरोसला जवळच, मालवण आणि वेंगुर्ला दोन्ही किनारे साधारण पाऊण तासावर.

चिपळूण कोणी सुचवलंच तर आधी पूररेषा विचारा. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१, दोन्ही वेळा वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं होतं. राजापूरच्या बाजारपेठेतही अर्जुना नदी शिरते. दोन्ही गावं वाईट नाहीत, घर टेकडीच्या अंगाला हवं एवढंच.

सेतू
दर्यापूरकर भाऊ, गाव कोणतंही घ्या, कागदं मात्र इथूनच करून न्या. तिकडं गेल्यावर एकेका नकलेसाठी दोन-दोन दिवसांचा प्रवास पडतो.

पहिलं, जातीचा दाखला. लागू असेल तर तो मूळ जिल्ह्यातूनच मिळतो, कारण मानीव (नियमानं ठरवलेल्या) तारखेला आजा-पणजा कुठं राहत होते ते पाहिलं जातं. इतर मागासवर्गासाठी ही तारीख १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. मुलगी विज्ञानाला गेली की जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज कॉलेजच्या पत्रासह करायचा असतो, आणि दाखला ज्या जिल्ह्यातला, त्याच जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडं तो जातो. म्हणजे कॉलेज रत्नागिरीचं आणि समिती अमरावतीची. आजोबांच्या शाळेतली दाखल-खारीज नोंद, कोतवाल पंजीची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, जुने अधिकार अभिलेख हे तहसीलच्या अभिलेख कक्षातून आत्ताच काढून ठेवा. नावात किंवा जातीच्या उल्लेखात फरक निघाला तर दुरुस्तीला महिने जातात, आणि तो फरक बहुतेक वेळा बारावीच्या फेब्रुवारीतच ध्यानात येतो.

दुसरं, मुलाची एनएमएमएस, म्हणजे केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. आठवीतच ही परीक्षा असते. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण मूल शासकीय किंवा अनुदानित शाळेत असलं तरच. तिकडं गेल्यावर विनाअनुदानित शाळेत टाकलं की शिष्यवृत्ती गेली. शाळा निवडताना हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारा. दुसरा प्रश्न भाषांचा: मुलाचं संस्कृत पूर्ण आहे की हिंदीसोबत संयुक्त, आणि तीच जोडी त्या शाळेत आहे का? पुस्तकं बालभारतीचीच, पण ही जोडी जुळली नाही तर नववीत एक विषय पहिल्यापासून शिकावा लागतो. शाळा सोडल्याचा दाखला घेतला तरी संगणकावरचं नाव आपोआप हलत नाही. नवी शाळा ऑनलाइन मागणी पाठवते, जुनीनं ती मंजूर करायची असते. उन्हाळ्याच्या सुटीत इथल्या मुख्याध्यापकांना सांगून ठेवा.

अकरावीचं सोपं झालं आहे. २०२५-२६ पासून प्रवेश राज्यभर केंद्रीय पद्धतीनं ऑनलाइन होतात, त्यामुळे कोकणातल्या कॉलेजांचा पसंतीक्रम दर्यापुरात बसून भरता येतो. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. म्हणून जे कॉलेज डोळ्यांनी पाहिलं नाही ते पहिल्या क्रमांकावर टाकू नका.

वावराचं: ठोका एका हंगामापुरता, लेखी, कालावधी आणि रक्कम लिहून. ई-पीक पाहणीचा फोटो वावरात उभं राहूनच काढावा लागतो. तो कोण काढणार आणि कधी, हेही करारातच लिहा. पाहणी राहिली तर पीकविमा आणि नुकसानभरपाईला अडचण येते.

दर्यापूरकर
सेतू भाऊ, कोतवाल पंजीचं डोक्यातही नव्हतं, खूप आभार. दोन प्रश्न: नीटचे क्लास तिकडं कसे? आणि घर पाहताना काय पाहावं? इथून सामान काय न्यावं?

सातपुडा
नीटचं स्पष्ट सांगतो, कारण दोन वर्षं मुलीची आहेत. तुमच्यापासून तासा-दीड तासावर अकोला आहे, आणि नीटच्या तयारीचं ते विदर्भातलं मोठं केंद्र आहे. अख्ख्या गल्ल्या वसतिगृहांच्या, अभ्यासिका रात्रीपर्यंत चालू, बरोबरीची पोरं शेकड्यांनी. कोकणात दहावी-बारावीचे निकाल राज्यात वरचे लागतात, कोकण मंडळ वर्षानुवर्षं पहिलं येतं, पण प्रवेश परीक्षेची अशी बाजारपेठ तिथं नाही. रत्नागिरी-कुडाळला क्लास आहेत, तरी बरीच मुलं कोल्हापूर-पुण्याकडं जातात.

म्हणून मुलीला आधी विचारा. तिचं मन नीटवर पक्कं असेल तर दोन वाटा आहेत. एक, ती दोन वर्षं अकोल्यात वसतिगृहात आणि तुम्ही तिघं कोकणात. पण ताप आला तर आई-बाप एक रात्र आणि अर्धा दिवस लांब, हे मनाशी धरून. दुसरी, सगळे दोन वर्षं थांबा. कातळनी सांगितलेली दुसरी वेळ हीच. आणि तिला शेती, मत्स्य, फार्मसी, नर्सिंग असं काही चालणार असेल तर येत्या जूनमध्ये खुशाल निघा. मला विचाराल तर हा प्रश्न समुद्रापेक्षा मोठा आहे.

पडवी
घराचं मी सांगते. कोकणातलं घर दोनदा पाहावं लागतं, मे महिन्यात विहीर आणि जुलैत छप्पर. दिवाळीच्या सुटीत पाहिलेलं घर सगळ्यांनाच आवडतं, ते पाहणं धरू नका.

पाऊस तुमच्या चौपट. अकोल्या-दर्यापूरकडं ७५०-८०० मिलिमीटर, इकडं तीन हजारांच्या वर. तरी एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात. जांभ्याच्या सच्छिद्र दगडातून आणि उतारावरून पाणी समुद्राला निघून जातं, तुमच्या काळीसारखं धरून राहत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात विहिरीत दोरीला दगड बांधून सोडा, किती हात पाणी आहे ते स्वतः मोजा. खाडीजवळची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र) खिशात ठेवा: ५०० च्या आत चांगलं, हजाराच्या वर गेलं तर घर सोडा. खारपाणपट्टा सोडून पुन्हा खाऱ्या विहिरीवर येऊ नका, कळकळीनं सांगते.

जुलैत पश्चिमेकडची भिंत आतून हातानं चाचपा. पाऊस वाऱ्यासोबत आडवा येतो, त्या भिंतीला पडवी किंवा पुढं आलेलं छप्पर नसेल तर खोली ओलीच राहते. पत्र्याचे खिळे गंजलेत का ते पाहा. किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत खारा वारा लोखंड झपाट्यानं खातो. घरामागची दरड कापलेली आहे का, आणि घरावर माड किंवा आंबा झुकलेला आहे का, हेही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडं बरेच दिवस वीज नव्हती.

तुमच्या नेटसाठी हाच खरा धोका: झाड तारेवर पडतं, वीज आणि फायबर एकदमच जातात. फायबर घ्या, शिवाय दुसऱ्या कंपनीचं सिम, आणि इन्व्हर्टर. १५० एएच बॅटरीतून वापरण्याजोगे हजारेक वॅट-तास मिळतात. लॅपटॉप आणि राउटर मिळून ७०-७५ वॅट, म्हणजे तेवढंच चालवलं तर तेरा-चौदा तास. पंखा आणि दिवा जोडला की सहा-सात.

सामान: कूलर विकून या. कोरड्या हवेत पाणी उडतं म्हणून तुमच्याकडं कूलर गार करतो, इथल्या दमट हवेत पाणी उडतच नाही, फक्त चिकचिक वाढते. कापसाच्या गाद्या जून ते सप्टेंबर ओल धरतात, बुरशी येते, दोनच आणा. गहू, ज्वारी, तूरडाळ वर्षाची भरू नका, तीन महिन्यांची हवाबंद डब्यात. कुरडया-पापडही तसेच. लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. दाखले-मार्कशीट घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. मूळ कागदांना लॅमिनेशन करू नका, आत ओल अडकली की शाई पसरते.

कातळ
जागेबद्दल राहिलं होतं. शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, तुमचा दर्यापूरचा सातबारा त्याला चालतो. तहसीलदारांकडून शेतकरी असल्याचा दाखला घेऊन ठेवा आणि इकडची खरेदी होईपर्यंत तिकडची सगळी जमीन विकू नका.

कोकणातल्या सातबाऱ्यावर एका गटाला पंधरा-वीस हिस्सेदार असतात, निम्मे मुंबईत. सगळ्यांच्या सह्या नसतील तर बयाणा देऊ नका. इतर हक्कात कूळ, देवस्थान, खाजगी वने असा शेरा आहे का ते बघा. आंबोली-गेळे-चौकुळकडं कबुलायतदार गावकर (गावाच्या सामाईक जमिनींचा) हा वेगळाच गुंता आहे. जागेपर्यंत गाडीवाट नकाशावर आहे का, हेही तपासा, तोंडी वाटेवर चिऱ्याचा (बांधकामाच्या जांभ्या दगडाचा) ट्रक येऊ देत नाहीत. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटर सीआरझेड (किनाऱ्यावरच्या बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा) लागतो. विरळ वस्तीच्या गावांत पहिले २०० मीटर नवं बांधकाम नाही. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी ते. किमान दोन पावसाळे भाड्यानं काढल्याशिवाय जागेला हात लावू नका.

पडवी
आणि मुलांबद्दल थोडं. तलावात, विहिरीत पोहणारी पोरं समुद्राला भीत नाहीत, म्हणून जास्त सांभाळायचं. पाणी आत ओढू लागलं तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं, मग बाहेर यायचं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी नसतात तेव्हा आपणही पाण्यात नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण मोठं. भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटं पुढं सरकते, ते कोष्टक भिंतीवर लावा.

कातळावर आणि चिऱ्याच्या ढिगात फुरसं असतं, विंचूही. रात्री टॉर्चशिवाय बाहेर नाही, बूट झटकूनच घालायचे. चावलं तर मांत्रिक नाही, जखमेवर काप देणं नाही, आवळपट्टी नाही, सरळ दवाखाना. पायाला जखम असताना भाताच्या चिखलात उतरू देऊ नका, लेप्टोचा ताप त्यातूनच येतो.

वऱ्हाडी बोलीवरून पहिले दोन-तीन महिने मुलांना चिडवतील, "काऊन" (का) ऐकून हसतील. मुलाला वर्गात घालण्याआधी एप्रिलमध्येच त्या गावाच्या क्रिकेटच्या मैदानावर चार दिवस खेळू द्या. जूनमध्ये वर्गात गेल्यावर दोन चेहरे ओळखीचे असले की पुरे.

दर्यापूरकर
मुलीशी बोललो. नीट तिला द्यायचीच आहे. त्यामुळे येता जून सोडला, तिची बारावी आणि याची दहावी झाल्यावर निघू. तोवर रत्नागिरी आणि कुडाळ दोन्ही मे आणि जुलैत पाहून घेतो, अभिलेख कक्षात सोमवारी जातो. मूर्तिजापूर-अकोल्याकडून तिकडं थेट गाडी आहे का?

सेतू
नागपूर–मडगाव विशेष गाडी आठवड्यातून दोनदा असते, बडनेरा-अकोल्यावरून जाते, रत्नागिरी आणि कुडाळ दोन्ही घेते. विशेष असल्यानं तिची मुदत तुकड्या-तुकड्यांनी वाढते, तारीख पाहूनच तिकीट काढा. जुलैत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या हळू धावतात, परतीच्या दिवशी पुढचं कोणतंही काम ठेवू नका. अभिलेख कक्षात जाताना आजोबांचं पूर्ण नाव, गाव आणि जन्माचं अंदाजे वर्ष लिहून न्या, पंजी वर्षावरूनच काढतात.