शब्दचर्चा: 'होल'ला मराठीत काय म्हणावं? आणि 'एक्सिटॉन'ला?

कंदील
बारावीच्या मुलांसाठी क्वांटम डॉटवर, म्हणजे काही नॅनोमीटरच्या अर्धवाहक स्फटिकांवर, लेख लिहितेय. इलेक्ट्रॉनपाशी काही अडत नाही, गाडी 'होल'पाशी अडलीये. वाक्य असं: 'प्रकाश शोषला की इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात जातो आणि खाली ___ उरतं.' छिद्र, विवर की पोकळी?

तळटीप
विवर नको, कृष्णविवरामुळे वाचक थेट आकाशात पोचेल. छिद्र म्हटलं की पदार्थाला भोक पडल्यासारखं वाटतं, आणि सच्छिद्र नॅनोपदार्थ वेगळे असतातच, म्हणजे दुहेरी घोळ. गच्च भरलेल्या एसटीत पुढची एक सीट सुटली, मागचा तिथे सरकला, त्याच्या जागी त्याच्या मागचा आला, की रिकामी सीट मागे मागे जाते. तसं हे. 'रिक्त जागा' कसं वाटतं?

चिवडा
नको हो. स्फटिकातून अख्खा अणूच गायब असला तर त्यालाही रिक्त जागाच म्हणावं लागेल, आणि ती गोष्ट पार निराळी. आमच्या लॅबमध्ये सगळे 'होल'च म्हणतात, तेही पुल्लिंगी: 'होल पृष्ठभागावर अडकला', 'होल जड आहे'. जड हे शब्दशः बरं का. डॉट ज्याचे करतात त्या कॅडमियम सेलेनाइडमध्ये इलेक्ट्रॉनचं परिणामी वस्तुमान (स्फटिकात हलताना जाणवणारं) मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या सुमारे 0.13 पट, होलचं सुमारे 0.45 पट. जी जागा निव्वळ उणीव आहे तिला वस्तुमान आणि धनभार द्यायचा, तर नावही स्वतंत्र कणाचंच हवं. म्हणून माझं मत 'होल'ला.

कंदील
पटलं, 'होल' ठेवते. मग इलेक्ट्रॉन-होल जोडीला सरसकट 'एक्सिटॉन' म्हणू ना?

चिवडा
इथे जरा थांबा. 1931 साली फ्रेंकेलने ही कल्पना मांडली तेव्हापासून एक्सिटॉन म्हणजे परस्परांच्या विद्युत ओढीने बांधलेली जोडी. कॅडमियम सेलेनाइडच्या मोठ्या स्फटिकात या जोडीची त्रिज्या 5 नॅनोमीटरच्या आसपास असते. डॉटचा व्यासच 3 नॅनोमीटर असला तर? दोघांना एकत्र ठेवतात त्या डॉटच्या सीमा, ओढ दुय्यम ठरते. कारण कण कोंडल्याने वाढणारी ऊर्जा त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, ओढीची मात्र नुसत्या त्रिज्येच्या. आकार घटला की पहिली दुसरीला केव्हाच मागे टाकते. म्हणूनच एकच पदार्थ 6 नॅनोमीटरला तांबडा आणि 2 नॅनोमीटरच्या सुमारास निळसर चकाकतो.

याउलट मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एकच थर घ्या. तिथे जोडी खरोखर ओढीनेच बांधलेली. बंधनऊर्जा काहीशे मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि खोलीच्या तापमानाची उष्णता जेमतेम 25. त्यामुळे जोडी सहजी फुटत नाही.

शोधनिबंधांत दोन्हींना एक्सिटॉनच म्हणतात. मुलांसाठी लिहिताना मी डॉटमधलीला 'कोंडलेली जोडी' म्हणेन.

तळटीप
'कोंडलेली' झकास! 'परिरोधित'पेक्षा शंभर पटींनी बरं. इलेक्ट्रॉन परत होलमध्ये पडतो त्या 'रिकॉम्बिनेशन'ला 'पुनःसंयोग' चालेल?

चिवडा
चालेल, पण त्यातलं 'पुनः' मला खटकतं. मोठ्या स्फटिकात कुठला इलेक्ट्रॉन कुठल्या होलमध्ये पडेल त्याचा नेम नसतो. 'मीलन' पुरे. फक्त मीलन झालं की प्रकाश बाहेर पडणारच असं लिहू नका. पृष्ठभागावरच्या अर्धवट बंधांपाशी होल किंवा इलेक्ट्रॉन अडकला की ऊर्जा बहुधा उष्णता होऊन जाते. झिंक सल्फाइडचं कवच चढवतात ते त्यासाठीच.

कंदील
आणि 'ब्लिंकिंग'? एकेकटा डॉट सूक्ष्मदर्शकाखाली चालू-बंद होतो ते.

चिवडा
लुकलुक. 1996 मध्ये ती पहिल्यांदा एकेका डॉटमध्ये दिसली. एक कारण असं सांगतात: डॉटवर एखादा भार जादा उरला की जोडी आपली ऊर्जा प्रकाशाऐवजी त्या तिसऱ्याला देऊन टाकते. तो भार निघून जाईपर्यंत डॉट अंधारात. या तिघांच्या टोळक्याला 'ट्रायॉन' म्हणतात. त्याला मराठी शब्द शोधू नका, पुढचा धागा त्यातच जाईल.