मदत हवी आहे: संध्याकाळी साडेसातनंतर आरटीकेचा (उपग्रहांवरून सेंटिमीटरपर्यंत जागा मोजण्याची पद्धत) फिक्स (पक्की, अचूक जागा) सुटतो. सौरवादळ असेल का?

लातूरजवळ जमीन मोजणी चालू आहे, उन्हामुळे एप्रिलमध्ये काम संध्याकाळी ठेवलंय. बेस (एका जागी ठेवलेला रिसीव्हर) ९ किमीवर, रोव्हर (फिरता रिसीव्हर) एल१-एल२ (उपग्रहांच्या दोन्ही लहरी घेणारा), मास्क १०° (क्षितिजापासून त्याहून खालचे उपग्रह वगळतो). दिवसा १५ सेकंदांत फिक्स मिळतो. साडेसातनंतर फ्लोटवरच (कच्च्या, अंदाजी जागेवर) अडकतो. रेडिओ लिंक ठीक, उपग्रह १८-२०, अँटेनाची केबल बदलली. केपी निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ, ० ते ९) मात्र २ होता.

प्रतिसाद १

केपी २ म्हणजे वादळ नाही. जी१ ही वादळाची सर्वात खालची पातळीच केपी ५ला सुरू होते. हे प्लाझ्मा बुडबुडे दिसतात. ते चुंबकीय विषुववृत्ताच्या आसपास तयार होतात, आणि ते विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. सूर्य मावळला की आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाचा) खालचा थर झटकन विरतो, वरचा दाटच राहतो. मग खालचे विरळ पट्टे, म्हणजेच हे बुडबुडे, वर चढतात आणि उत्तर-दक्षिण पसरतात. त्यातून येणारा सिग्नल थरथरतो, फेज लॉक (लहरीवरची रिसीव्हरची पकड) तुटतो. एल२ला त्रास एल१पेक्षा जास्त. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे त्यांचे महिने, सौरचक्र भरात असताना तर विशेष.

खात्री करायची तर उपग्रहांचे सिग्नल-नॉइज आकडे (सिग्नल किती ठळक आहे ते) बघा. आकाशाच्या एकाच भागातले उपग्रह ४५वरून ३०च्या खाली हेलकावत असतील आणि तो भाग हळूहळू पूर्वेकडे सरकत असेल, तर बुडबुडा. सगळेच एकदम पडले तर केबल किंवा जवळचा ट्रान्समीटर तपासा.

प्रतिसाद २

सहमत. खरं वादळ म्हणजे १०-११ मे २०२४चं: जी५ (सर्वात वरची पातळी), ऑक्टोबर २००३नंतरचं पहिलं. अमेरिकेत ऐन पेरणीत आरटीकेवर चालणारे ट्रॅक्टर थांबले. बेस आणि रोव्हरवरच्या आयनांबरात १ टीईसी एककाचा (सिग्नलच्या वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचं माप) फरक पडला तरी एल१वर १६ सेंमीची चूक होते, आणि एल१ची तरंगलांबीच १९ सेंमी! म्हणून फ्लोटपेक्षा खोटा फिक्स (लहरींची मोजणी चुकून चुकीची जागा पक्की म्हणून दाखवणं) जास्त घातक. शिवाय वादळाने बुडबुडे वाढतात तसे कधी दबतातही, त्यामुळे संध्याकाळचं काम केपी बघून ठरवू नका.

बेस ३-४ किमीवर आणा, मास्क १५° करा, गॅलिलिओ, बायडू (युरोपचे आणि चीनचे उपग्रह) सगळं चालू ठेवा, दोन्हीकडे दर सेकंदाचा रॉ डेटा (कच्च्या नोंदी) साठवा. हद्दीचा प्रत्येक बिंदू रोव्हर रीसेट करून दोनदा घ्या. ३ सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर तो बाद.

धागाकर्ता

पहाटे काम केलं तर?

प्रतिसाद १

चालेल. सूर्योदयानंतर दोन तास धरले तर ऊनही टळतं. रात्रीचे संशयास्पद बिंदू तेव्हाच पुन्हा मोजा. फ्लोटवर घेतलेले नकाशात अजिबात टाकू नका, शेजाऱ्याच्या बांधाचा प्रश्न असतो.