मदत हवी आहे: स्मार्ट टीव्ही फक्त पडदा म्हणून वापरायचा आहे, होम स्क्रीन दिसायलाच नको

धागाकर्ता

५५ इंची ४के स्मार्ट टीव्ही आहे. पोर्ट १ वर स्ट्रीमिंग बॉक्स, पोर्ट २ वर लिनक्सचा छोटा पीसी, आणि एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर देणारा पोर्ट) लिहिलेल्या पोर्टवर साउंडबार. टीव्हीचं स्वतःचं सॉफ्टवेअर अजिबात वापरायचं नाही: ना अ‍ॅप, ना जाहिरातींच्या पट्ट्या, ना अपडेट. जे उपकरण चालू करू त्याचंच चित्र यावं आणि ते बंद केलं की टीव्हीही बंद व्हावा.

अडचणी अशा:
१) टीव्ही चालू झाला की आधी होम स्क्रीन येते, मग इनपुट बदलावा लागतो.
२) स्ट्रीमिंग बॉक्स टीव्ही चालू करतो, पण कधीकधीच.
३) पीसीवरून टीव्ही चालूही होत नाही आणि बंदही होत नाही. केबल बदलून पाहिली.
४) इंटरनेट काढलं की पाळत थांबते का? एचडीएमआयमधून टीव्हीला नेट मिळतं असं वाचलं.

नवीन टीव्ही घ्या हा सल्ला नको. आगाऊ धन्यवाद.

पिन_तेरा

आधी ३, कारण तिथे केबलचा दोष नाही. एचडीएमआयच्या १३ नंबरच्या पिनवर सीईसी नावाची एकच तार असते आणि चालू करा, बंद करा, इनपुट बदला हे निरोप तिच्यावरून जातात. वेग सेकंदाला सुमारे ४०० बिट, म्हणजे बैलगाडीच. पण निरोप दोन-चार बाइटचा असतो, भागतं. पीसीच्या बहुतेक ग्राफिक्स कार्डांत ही तार कुठे जोडलेलीच नसते. ड्रायव्हर बदला, केबल बदला, काही होणार नाही. रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकात ती जोडलेली असते. पीसीसाठी पल्स-एट कंपनीचा यूएसबी-सीईसी अडॅप्टर मिळतो. तो पीसी आणि टीव्हीच्या मध्ये बसतो आणि त्याची यूएसबी वायर पीसीत जाते. त्यातून ४के ६० हर्ट्झ पूर्ण जातं का, हे मॉडेल बघून ठरवा.

ते टाळायचं असेल तर सोपी युक्ती आहे. बहुतेक टीव्हींत सगळ्या पोर्टांची सीईसी तार आत एकच असते. म्हणून एखादा जुना रास्पबेरी पाय रिकाम्या पोर्टला लावून ठेवा. चित्र पीसीचं, निरोप पायचा. त्यावर लिबसीईसी हे सीईसीचे निरोप पाठवणारं सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलं की त्यातल्या सीईसी-क्लायंटला 'टीएक्स' लिहून थेट बाइट पाठवता येतात:

१०:०४ – टीव्ही जागा हो
१एफ:८२:२०:०० – आता पोर्ट २ दाखव
१०:३६ – झोप

पहिल्या जोडीतला पहिला आकडा पाठवणाऱ्याचा (इथे १, म्हणजे पाय), दुसरा घेणाऱ्याचा; पुढची जोडी म्हणजे हुकूम. टीव्ही कायम ०, आणि एफ म्हणजे सगळ्यांना. २०:०० हा पीसीचा पत्ता, म्हणजे टीव्हीचा दुसरा पोर्ट. पीसी साउंडबारमधून जात असेल तर पत्ता बदलेल: साउंडबार पोर्ट ३ वर आणि पीसी त्याच्या पहिल्या इनपुटवर असेल तर ३१:००.

रिमोटशून्य

वरच्यात एक भर, यातच लोक अडकतात. ०४ आणि ८२ लागोपाठ पाठवू नका. टीव्ही जागा होत असताना आलेला ८२ तो सरळ गिळतो आणि होम स्क्रीनवर जाऊन बसतो. ०४ पाठवा, ५ सेकंद थांबा, मग ८२, आणि १० सेकंदांनी पुन्हा एकदा ८२. दुसरा फुकट गेला तरी बिघडत नाही. तुमची पहिली अडचण निम्मी इथेच सुटेल.

उरलेली निम्मी सेटिंगमध्ये. सॅमसंगमध्ये स्मार्ट हब आपोआप उघडण्याचा पर्याय असतो, एलजीमध्ये होम आपोआप उघडण्याचा. दोन्ही बंद करा. सोनीसारख्या गूगल टीव्हीवाल्यांना बहुधा फॅक्टरी रीसेट करून पहिल्या सेटअपमध्ये 'बेसिक टीव्ही' निवडणं सोयीचं: इनपुट आणि अँटेना एवढंच उरतं. मात्र रीसेट केल्यावर सीईसी पुन्हा बंद झालेलं असू शकतं आणि मेनूत ते 'सीईसी' या नावाने सापडणार नाही. सॅमसंगला अ‍ॅनिनेट प्लस, एलजीला सिमलिंक, सोनीला ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकला व्हिएरा लिंक, फिलिप्सला ईझीलिंक. एकाच तारेची इतकी बारशी का केली, कंपन्याच जाणोत.

धागाकर्ता

रास्पबेरी पाय पडून आहे, तो लावला. टीएक्सने टीव्ही चालू झाला आणि पोर्ट २ आला! आता हे पीसीच्या स्लीपशी कसं जोडायचं? आणि बॉक्स कधीकधीच टीव्ही चालू करतो, ते का?

पिन_तेरा

स्लीपसाठी पीसीवर सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा भाग) सिस्टम-स्लीप फोल्डरमध्ये एक छोटी स्क्रिप्ट ठेवा आणि तिला एक्झिक्युटेबल करा. झोपताना तिला पहिला शब्द 'प्री' मिळतो आणि उठताना 'पोस्ट'. 'प्री' आला की एसएसएचने (दुसऱ्या संगणकाला दुरून हुकूम देण्याची सोय) पायला ३६ पाठवायला सांगा, 'पोस्ट' आला की ०४ आणि ८२ ची जोडी. उठल्यावर नेटवर्क यायला वेळ लागतो म्हणून आधी काही सेकंद थांबा, नाहीतर एसएसएच अपयशी ठरेल आणि तुम्ही सीईसीला दोष द्याल. एसएसएचला पासवर्डऐवजी की (ओळख पटवणारी फाइल) वापरा, आणि स्क्रिप्ट रूट (प्रशासक) म्हणून चालते, तेव्हा की रूटच्या खात्यात हवी.

३६ पाठवताना पत्ता ० च ठेवा. एफ ठेवलात तर निरोप सगळ्यांना जातो आणि पीसी झोपला म्हणून बॉक्स आणि साउंडबारही झोपतात. 'एक बंद केलं की सगळंच बंद होतं' या तक्रारीचं मूळ बहुधा हेच.

जुगाडी_जंतू

बॉक्सचं बघू. तो टीव्हीच्या यूएसबी पोर्टवर चालतो का? तसं असेल तर उत्तर मिळालं. टीव्ही झोपला की बऱ्याच मॉडेलमध्ये यूएसबीची वीज जाते, मग मेलेला बॉक्स टीव्हीला कसा उठवणार? कधीकधी चालतो, कारण काही टीव्ही बंद केल्यावर थोडा वेळ वीज देत राहतात. बॉक्सला त्याचा स्वतःचा अडॅप्टर द्या.

तरी नाही झालं तर मध्ये एचडीएमआय स्विच किंवा स्प्लिटर आहे का बघा. स्वस्तातले कित्येक स्विच १३ नंबरची पिन पुढे नेतच नाहीत. चित्र झकास, निरोप शून्य. काहीच कारण दिसत नसेल तर टीव्ही, साउंडबार, बॉक्स, पाय सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढा, पाच-दहा मिनिटं थांबा, आधी टीव्ही लावा, मग बाकीचे. पत्त्यांची वाटणी नव्याने होते. रिमोटने बंद-चालू करून हे होत नाही.

तारेवरची_कसरत

इंटरनेट आणि पाळतीच्या ४ नंबरच्या प्रश्नावर कोणी बोललं नाही. एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत इथरनेटची सोय लिहिलेली आहे, पण बाजारातल्या उपकरणांत ती जवळजवळ कुठेच नाही. एचडीएमआयवरून टीव्हीला चोरून नेट मिळेल ही भीती सोडा.

खरी गोष्ट उलटी आहे. टीव्ही नेटवर असेल तर फक्त एचडीएमआय वापरूनही सुटका नाही. पडद्यावरच्या चित्राचे नमुने घेऊन काय चाललंय ते ओळखण्याचं तंत्र, एसीआर, हे बाहेरच्या उपकरणाचं चित्रही ओळखू शकतं. व्हिझिओवर याच कारणाने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. तेव्हा नुसतं 'अ‍ॅप वापरत नाही' पुरेसं नाही. वायफाय 'विसरा' करा, केबल काढा. पासवर्ड टीव्हीत उरलाय अशी शंका असेल तर रीसेट, आणि सेटअपमध्ये नेटवर्कची पायरी वगळा. जाहिराती आणि बघण्याच्या माहितीच्या संमतीला नकार द्या. एखादा बिघाड दुरुस्त करायला अपडेट हवाच असेल तर कंपनीच्या साइटवरून फाइल घेऊन पेनड्राइव्हने घाला.

फोनवरून टीव्ही चालवायचा मोह झाला, तर त्यासाठी टीव्ही नेटवर्कवर लागतो. मग राउटरमध्ये त्याला वेगळ्या व्हीलॅनवर (घरच्या नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा) टाकून बाहेरचं इंटरनेट तोडा. माझं मत विचाराल तर ती उठाठेव नको, पाय आहेच.

आणि हो, स्ट्रीमिंग बॉक्ससुद्धा स्मार्टच आहे. पाळतीची जागा टीव्हीतून बॉक्समध्ये गेली एवढंच. त्याच्याही सेटिंगमध्ये जा. बॉक्स काढून सगळं पीसीवर न्यायचं म्हणाल, तर ब्राउझरमध्ये अनेक सशुल्क सेवा कमी रिझोल्यूशन देतात, कारण त्यांना हार्डवेअरमधलं संरक्षण हवं असतं.

धागाकर्ता

बॉक्स खरंच टीव्हीच्या यूएसबीवर होता. स्वतःचा अडॅप्टर लावला, आता दर वेळी चालू होतो. स्क्रिप्टही चालली. एकच राहिलं: पीसीच्या कीबोर्डवरून आवाज बदलला की साउंडबारचा बदलत नाही. आणि पीसीची अक्षरं, विशेषतः लाल, फाटल्यासारखी दिसतात.

रिमोटशून्य

कीबोर्डची बटणं पीसीच्या आतला आवाज बदलतात. तो १०० वर ठेवा आणि बटणांना पायवरचा निरोप बांधा. साउंडबारचा पत्ता ५, म्हणून वाढवायला १५:४४:४१, कमी करायला १५:४४:४२, गप्प करायला १५:४४:४३. प्रत्येकानंतर १५:४५, म्हणजे बटण सोडलं. ४५ विसरलात तर काही साउंडबार बटण दाबून धरलंय असं समजून आवाज चढवत नेतात. रात्री विसरू नका.

लाल अक्षरांचं सीईसीशी देणंघेणं नाही. टीव्ही रंगाची माहिती कमी करतोय. पोर्ट २ चं नाव किंवा चिन्ह 'पीसी' करा, आणि त्या पोर्टसाठी एलजीत डीप कलर किंवा सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस चालू करा. मग पीसी आरजीबी (लाल-हिरवा-निळा, रंगाची पूर्ण माहिती) पाठवतोय का तपासा.