सपाटीची माणसं आणि कोकणातली दरड: मराठवाड्यातून तिकडं गेलेल्यांनो, तुमचे अनुभव सांगा

माझ्या भाचीला महाड तालुक्यात शिक्षिका म्हणून पहिली नेमणूक मिळाली आहे. आम्ही औसा तालुक्यातले. आमच्या शिवारात उभं राहिलं तर आभाळ चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं दिसतं. डोंगर आम्हाला बालाघाटाचा तेवढा माहीत. ताईला, म्हणजे तिच्या आईला, तळियेचं नाव पाठ आहे आणि त्या नावानं तिची झोप उडाली आहे. २२ जुलै २०२१ ला त्याच तालुक्यातल्या त्या वाडीवर डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. आपल्याकडं अख्ख्या पावसाळ्यात मिळून पावणेसातशेच्या आसपास पडतो. एका दिवसात एवढं पाणी म्हणजे काय, हे आपल्याला डोळ्यांपुढं आणताच येत नाही.

आपले कितीतरी शिक्षक, ड्रायव्हर, बँकवाले, मशीनवाले कोकणात आहेत. दरड आली की रोजच्या जगण्यात काय काय अडतं, आणि तुम्ही तिकडं काय शिकलात, ते लिहा. ऐकीव नको, अंगावरून गेलेलं सांगा.

गेवराईची शिक्षिका, अकरा वर्षं खेड तालुक्यात

ताईंना आधी भेगेचं सांगा. आपल्याकडं भेग म्हणजे उन्हाळा. वैशाखात काळी जमीन उलते, हात आत जाईल एवढी फट पडते, आणि मिरगाचा पाऊस झाला की आपसूक मिटते. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात, मी राहायचे त्या घराच्या मागच्या चढावर अशीच भेग दिसली. मी मनावर घेतलं नाही, पावसानं बुजेल म्हटलं. शेजारच्या आज्जी मात्र बघूनच गप्प झाल्या. म्हणाल्या, "बाई, ही पावसानं मिटायची नाही, पावसानं वाढायची."

त्यांनी भेगेच्या दोन्ही अंगाला एकेक खुंटी ठोकली आणि दोन्हींत सुतळी सैल बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतळी तारेसारखी ताणलेली होती. दुपारी बघितलं तर तुटलेली. त्याच दुपारी पऱ्याचं, म्हणजे तिथल्या ओढ्याचं, पाणी एकाएकी कमी झालं. पाऊस धो धो चालू आणि पऱ्या आटतोय. मला वाटलं, बरं झालं, पूर ओसरला. आज्जी म्हणाल्या, वर कुठंतरी माती येऊन पाणी तुंबलंय, आता घरात थांबायचं नाही.

आमची शाळा पलीकडच्या सड्यावर, सपाट कातळावर आहे. चौदा घरं तिथं नेली. गुरं सोडून दिली. भांडी-कुंडी तशीच ठेवून निघायला लोक तयार होत नव्हते, त्यात तासभर गेला. तो तास मला अजून आठवतो. रात्री आवाज आला. मला वाटलं होतं गडगडाट होईल, पण तसं काही नाही. लांबून ट्रकमधून खडी ओतल्यासारखा आवाज, आणि पाठोपाठ ओल्या मातीचा उग्र वास. सकाळी एक गोठा आणि दोन पडव्या लाल चिखलाखाली होत्या. माणूस एकही गेलं नाही.

पण खरी परीक्षा पुढं झाली. रस्ता नऊ दिवस बंद. वस्तीची एसटी नाही, दूध नाही, गॅसची गाडी नाही. लाइट नाही म्हणून गिरणी बंद, घरात ज्वारी असून भाकरी नाही. दोन दिवसांनी टॉवरही गेला. गेवराईत आई टीव्हीवर बातम्या बघत होती आणि माझा फोन लागत नव्हता. एका बाईचे दिवस भरले होते. तिला डोलीत घालून चार माणसांनी चिखल तुडवत खालच्या रस्त्यापर्यंत नेलं, मी छत्री धरून बरोबर होते. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

धागाकर्ता

बाई, ही सुतळीची गोष्ट भाचीला जशीच्या तशी वाचून दाखवली. आमच्याकडं भेगेचा अर्थ उलटा, हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

उदगीरचा ट्रकचालक

मी तूरडाळ घेऊन रत्नागिरीला जातो. लातूर, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर आणि मग आंबा घाट. नांदेड-लातूरवरून जाणारा हा नागपूर-रत्नागिरी रस्ता म्हणजे आपल्या दारातला रस्ता, पण शेवटी त्या घाटातच अडकतो. जुलै २०२१ मध्ये माल उतरवून परत निघालो तर साखरप्यात गाडी थांबवली. वर दरडी आलेल्या, रस्त्याची दरीकडची बाजूच खचून गेलेली. तिकडं कोल्हापुरातही महापूर, हायवे पाण्याखाली. चार दिवस गाडीतच. एका घरातल्या मावशींनी रोज सकाळी पेज आणि संध्याकाळी भात-आमटी दिली, पैसे घेतले नाहीत. पुढच्या फेरीला त्यांच्यासाठी पाच किलो डाळ घेऊन गेलो, तवा कुठं बरं वाटलं.

नवीन पोरांना एवढंच सांगतो: घाटात वरून बारके खडे टपटप पडायला लागले तर काच पुसत थांबू नका. मागं घ्या. दरडीखाली गाडी लावून चहा तर बिलकूल नको.

पाथरीचा पोकलेन ऑपरेटर

लोकांना वाटतं मशीन आली की तासात रस्ता मोकळा. तसं नसतं. पायथ्याची माती आधी उपसली तर वरचा ढीग आधार सुटून खाली येतो, म्हणून वरून खाली टप्प्याटप्प्यानं काढावं लागतं. वर माणूस उभा करायचा, त्यानं शिट्टी मारली की मशीन मागं. तिथली माती आपल्यासारखी नाही. वर जांभा, त्याला भोकंच भोकं, पाणी सरळ आत. खाली चिकण मातीचा थर असला की पाणी तिथं अडतं, थर साबणासारखा होतो आणि वरचं सगळं त्यावरून घसरतं. बकेटमध्ये तो चिखल राहतच नाही, पातळ पिठल्यासारखा सांडतो.

मी एका रस्त्याच्या कामावर होतो. डोंगर उभा कापला होता. भिंत बांधली, पण तिच्यात पाणी जायला भोकं पुरेशी ठेवली नव्हती. आम्ही मशीनवाल्यांनी साहेबांना सांगितलं, ऐकलं नाही. दुसऱ्या पावसात भिंत पोट काढून रस्त्यावर आली. रात्रीची वेळ, खाली कुणी नव्हतं. त्या भिंतीचा विचार आला की आजही अंगावर काटा येतो. पाण्याला वाट दिली नाही तर ते स्वतः करून घेतं.

वसमतचा, गुहागर तालुक्यात बँकेत

किनाऱ्यावर दरड कुठं, असं मला वाटायचं. पण आमच्या शाखेची रोकड चिपळूणकडून यायची. मधे रस्ता तुटला की बँक उघडी आणि तिजोरी रिकामी. जून-जुलैत मासेमारीही बंद असते, म्हणजे होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, हातात पैसा कमीच. त्यात पेन्शनचे पैसे मिळेनात. एक आजोबा सलग तीन दिवस यायचे, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. "आज आले काय?" एवढंच विचारायचे आणि बाकावर बसायचे. चौथ्या दिवशी आम्ही सहकाऱ्यांनी खिशातून त्यांची बीपीची गोळी आणायचं ठरवलं, तर औषधाच्या दुकानातही माल संपलेला. तिथंही गाडी आलेली नव्हती.

परभणीची नर्स

१४ जुलै २०२४. खेडजवळ दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी रुळांवर माती आली तेव्हा मी गाडीत होते. जवळजवळ चोवीस तास कोकण रेल्वे बंद. शेवटी एसटीनं पुढं गेले. गाडी उभी असताना रेनकोट घातलेला एक गस्तीवाला कंदील घेऊन भर पावसात रुळांवरून चालत गेला. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरडीमुळं गाडी घसरली आणि ५१ जण गेले, हे डब्यातल्या एका काकांनी सांगितलं. पावसाळ्यात गाड्या हळू चालवतात आणि वेळापत्रक वेगळं असतं त्यावर मी आधी चिडायचे. आता नाही.

किल्लारीजवळच्या गावातला

तळियेला मदत घेऊन गेलो होतो. ३० सप्टेंबर १९९३ ला आमच्याकडं भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. माळवदाची माती अंगावर घेऊन झोपेतच गेलेली माणसं मी बघितली आहेत. तिथं एक माणूस ढिगाऱ्याकडं बघत बसला होता, कुणाशी बोलत नव्हता. मी नुसता शेजारी बसलो. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "तुम्ही कुठले?" मी किल्लारी म्हणालो. त्यानं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

ताईंना सांगा, पोरीला जाऊ द्या. फक्त डोंगराच्या पोटाशी खोली घेऊ देऊ नका, भाडं जास्त पडलं तरी चालेल.

धागाकर्ता

सगळ्यांचं ताईला वाचून दाखवलं. किल्लारीच्या दादांचं वाचताना तिनं मला मधेच थांबवलं आणि पाणी प्यायली. काल भाचीनं दोन खोल्यांचे फोटो पाठवले. एक शाळेला लागून, पण मागं उभा चढ आणि त्यावर तिरकी झालेली झाडं. दुसरी अर्धा तास चालत, सड्यावर. दुसरी ठरवली आहे. ताईनं तिच्या पिशवीत बॅटरी आणि महिन्याचं पीठ भरलं, आणि वर सुतळीचा एक बिंडा ठेवला.